गाडी एकच हवी

"एवढं मोठं घर, तुम्हाला बोलायला माणसांची काय वाण!" हे वाक्य लग्न झाल्यापासून मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की हल्ली त्यावर नुसती हसून मान हलवते. माझे माहेर मिरजेचे. वडील रेल्वेत होते, आम्ही चौघे दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, आणि रात्रीची जेवणे आटोपली की आई, वडील किंवा भाऊ यांपैकी कोणा एकाशी बराच वेळ बोलत बसण्यात काही विशेष आहे असे मला कधी वाटले नव्हते. वाईच्या 17 माणसांच्या घरात आल्यावर प्रथम जाणवली ती हीच उणीव. येथे पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत आवाज असतो; हाका, निरोप, तक्रारी, थट्टामस्करी, भांडणे असे सारे असते; परंतु एका माणसाने दुसऱ्या एका माणसाजवळ बसून, तिसरा कोणी मध्ये न येता, अर्धा तास बोलणे ही गोष्ट जवळजवळ घडत नाही. ओटीवर दोघे बोलत बसले की तिसरा चहाचा कप घेऊन टेकतो, चौथा चार्जर शोधत येतो, पाचवी आतून "भाजी कुठली चिरू?" म्हणून विचारते आणि दोघांच्या बोलण्याची बघता बघता सभा होते.

सासरे, ज्यांना सारे घर नाना म्हणते, सासूबाई, नानांच्या थोरल्या बहीण म्हणजे आमच्या आत्याबाई, तीन भाऊ, आम्ही तिघी जावा, सात मुले आणि शिक्षणासाठी राहिलेला आत्याबाईंचा नातू असा हा गोतावळा आहे. दुकान आहे, मेणवलीच्या रस्त्याला थोडी शेती आहे आणि तिच्यात ऊस व हळद आहे. अशा घरात सर्व काही नंबराने चालते. आंघोळीचे नंबर ठरलेले असतात: शाळा-कॉलेजची मुले आधी, दुकानाचे कुलूप उघडणारा त्यानंतर, आणि गच्चीवरच्या सोलरचे पाणी कोमट झाले की आम्ही. सकाळचा चहा दोन पातेल्यांत होतो, एक साखरेचा आणि एक बिनसाखरेचा, आणि दोन्ही पातेली दिसायला सारखीच असल्यामुळे बिनसाखरेच्या पातेल्यावर झाकण उलटे ठेवण्याचा रिवाज पडला आहे. पाहुण्याला त्याचा उलगडा होत नाही; घरातले पाच वर्षांचे पोरही ते बरोबर ओळखते. संध्याकाळी सहाच्या सुमारास "आज जेवायला कोण कोण आहे?" हा प्रश्न घरभर फिरतो, आणि त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज पिठाच्या डब्याचे झाकण निघत नाही.

या साऱ्यात माणसे एकमेकांना ओळखतात ती कामावरून. धाकट्या जाऊबाईंशी मी दिवसभरात असंख्य वाक्ये बोलत असेन, पण त्यांतली बहुतेक सगळी कणीक, डबे, गॅसचा नंबर आणि मुलांचे गणवेश यांविषयीची असतात. तिला कशाची भीती वाटते, लहानपणी ती कोणाच्या जवळची होती, सध्या रात्री झोप का येत नाही, हे विचारायला जी उसंत लागते ती या वेळापत्रकात कोठेही बसत नाही. म्हणून आमच्या घरच्या सहलींकडे मी करमणूक म्हणून पाहत नाही. गर्दीच्या घराला दोघा-दोघांत बोलण्याची संधी मिळते ती तेथेच, आणि तीही सहलीला जाण्याची रीत नीट असेल तरच.

सहलीचा दिवस ठरवणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, परीक्षा, उपवास आणि कोणाकोणाच्या लग्नांचे मुहूर्त यांची इतकी दाटी असते की मोकळा चौकोन बोटाने शोधावा लागतो. माघ-फाल्गुनात वाईच्या घाटाघाटांवर कृष्णाबाईचे उत्सव असतात आणि प्रत्येक आळीचा महाप्रसाद असतो; त्या दिवसांत वाईकर बाहेर जात नाही, बाहेरचेच वाईला येतात. त्याच सुमारास हळद काढून शिजवायची असते. एप्रिल-मे महिन्यांत पसरणी घाटात महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि ती आम्ही केवळ लांबून पाहतो. पावसाळ्यात घाटात दोन हातांवरचे दिसत नाही. राहता राहिली दिवाळीनंतरची थंडी. त्या पंधरवड्यात दुकान एक दिवस बंद ठेवण्यास मोठे भावोजी तयार झाले की निम्मी सहल झाली असे समजावे.

तयारीविषयी थोडक्यातच लिहिते, कारण तिचे कौतुक करण्याची एक फसवी सवय आपल्याला लागली आहे. पहाटे तीनला उठून तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, मोड आलेल्या मटकीची उसळ, खर्डा आणि दहीभात करणाऱ्या बायकांची सहल गाडी सुटण्यापूर्वीच संपलेली असते. पुढे त्या पेंगत असतात. अलीकडे आम्ही पुऱ्या आणि दशम्या बचत गटातल्या बायकांकडून करून घेतो. त्याबद्दल आत्याबाईंनी पहिल्या वर्षी नाक मुरडले, दुसऱ्या वर्षी त्यांनीच "त्यांना तीळ जास्त घालायला सांगा" असा निरोप दिला. भाजी आणि खर्डा मात्र अजून घरचाच असतो.

खरा प्रश्न गाडीचा. पूर्वी, म्हणजे घरातल्या पोरांना मोटारी घेण्याची ऐपत येण्याआधी, ट्रॅक्स किंवा टेम्पो ट्रॅव्हलर सांगितली जाई, आणि माणसे फार झाली, आत्याबाईंच्या मुली वगैरे आल्या, तर सरळ एसटी. आगारात अर्ज करायचा, अनामत भरायची आणि अख्खी बस प्रासंगिक करारावर घ्यायची ही सोय ठाऊक नसलेली मंडळीही आता भेटतात. लग्नाच्या वऱ्हाडासाठी ती सर्रास घेतली जाई; आम्ही ती सहलीसाठी घेत असू. एसटीच्या बाकांना पाठ दुखते, खिडक्या वाजतात आणि मागच्या बाकावर बसणाऱ्याचे प्रत्येक खड्ड्याला डोके टपाला लागते की काय असे वाटते. परंतु त्या बसचा एक मोठा गुण असा की तिच्यात कोण कोणाशेजारी बसणार हे नात्यावरून ठरत नाही. ज्याला घाटात मळमळते तो पुढे, ज्याचे गुडघे दुखतात तोही पुढे, ज्यांना गाणी म्हणायची ते मागे, ज्याला झोपायचे तो सावलीच्या बाजूला. नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला, आणि मुले ज्याच्या पिशवीत खाऊ असेल त्याच्याकडे. घरातली रोजची मांडणी पहिल्या पाच किलोमीटरांत मोडते.

प्रतापगडाच्या एका सहलीत अशी मांडणी मोडली तेव्हा नाना आणि धाकट्या भावोजींची मुलगी शेजारी आले. तिला पसरणी घाट सोसत नाही. नानांना पाय लांब करायला जागा हवी असते. मी त्यांच्या मागच्या बाकावर होते. तिच्या तोंडात आवळासुपारी होती आणि लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून ती नानांना काहीबाही विचारत होती. घाट अर्धा चढून झाल्यावर नाना खिडकीकडे बोट करून म्हणाले, "इथं मी काळा झेंडा घेऊन उभा होतो." मी सावरून बसले. 30 नोव्हेंबर 1957 रोजी पंडित नेहरू प्रतापगडावरील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणासाठी आले होते, आणि मुंबईसह मराठी राज्य मिळत नाही म्हणून संयुक्त महाराष्ट्र समितीने त्यांच्या मार्गावर, पसरणी घाटात आणि पलीकडे पोलादपूरकडे, काळ्या झेंड्यांची निदर्शने केली होती, एवढे मी पुस्तकात वाचले होते. आपल्या जेवणाच्या पंगतीत त्या गर्दीतला एक पोरगा रोज बसतो हे मात्र मला ठाऊक नव्हते. नाना तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचे होते. चुलता समितीचा आणि वडील काँग्रेसचे, असे ते घर दोन बाजूंना वाटले गेलेले होते.

"झेंडा कुणी दिला तुम्हाला?" नातीने विचारले.

"चुलत्यानं. काठीला आईच्या जुन्या लुगड्याचा काळा काठ बांधला होता."

"मग पणजोबांनी मारलं असेल."

"मारलं असतं तर बरं झालं असतं," नाना म्हणाले. "आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी. तोंडासमोर ताट ठेवायचे, पण बोलायचे नाहीत."

इतकी वर्षे ही हकीकत घरात कोणालाच का माहीत नव्हती, असे मी नंतर यांना विचारले. यांचे उत्तर सरळ होते: "कुणी विचारलंच नाही." घरात नाना ओटीवर बसतात आणि त्यांना जे विचारले जाते ते बँकेच्या पासबुकाविषयी किंवा रक्तदाबाच्या गोळीविषयी. ती मुलगी घाटात मळमळणारी नसती, किंवा आपल्या आईबापांच्या मोटारीत मागच्या सीटवर हेडफोन लावून बसली असती, तर तो काळा काठ नानांबरोबरच गेला असता.

आंबेनळी घाटात एकदा टेम्पो ट्रॅव्हलर पंक्चर झाली. त्या दिवसांत मोठे आणि धाकटे भावोजी एकमेकांशी कामापुरतेही बोलत नव्हते. दुकानाची दुसरी शाखा सुरूर फाट्यावर काढायची की नाही यावरून वाद होता, आणि तो वाद जेव्हा निघे तेव्हा माजघरात आम्ही सारे हजर असू. ऐकणारे असले की माणूस बोलत नाही, भाषण करतो. दोघांचीही भाषणे आम्हाला पाठ झाली होती. घाटात मात्र आम्ही सारे उतरून वरच्या बाजूला कठड्यापाशी सावलीत थांबलो, ड्रायव्हर स्टेपनी काढण्यासाठी मागे गेला आणि जॅकपाशी हे दोघे उरले. नट गंजलेले होते, एकाने पान्याला लोंबकळायचे आणि दुसऱ्याने पाय द्यायचा, असे बराच वेळ चालले. काय बोलणे झाले ते आम्हाला ऐकू आले नाही. चाक बसल्यावर दोघेही हाताला ग्रीस लागलेले, एका बाटलीतून एकमेकांच्या हातांवर पाणी घालत होते. फाट्यावरची शाखा पुढे निघाली नाही, पण त्या निर्णयात दोघे होते. माजघरात तो निर्णय कधी झाला नसता, हे माझे मत आजही कायम आहे.

सासूबाईंची गोष्ट याहून वेगळी. लांबच्या सहलीला वेळ नसला की आम्ही दुपारचे जेवण घेऊन जवळपास कोठेतरी जातो: मेणवलीचा घाट, जेथे नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर आणलेली, मेरी आणि बाळ येशू कोरलेली घंटा टांगलेली आहे, पांडवगडाचा पायथा, किंवा धोमचे नृसिंहाचे देऊळ आणि पुढे धरण. धोमला गेले की मुले होडीत बसण्याचा हट्ट धरतात आणि दर वेळी सासूबाई काठावर थांबतात. "त्यांना पाण्याची भीती वाटते" हे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते, आणि मुले त्यावरून आजीची थट्टाही करीत. एकदा माझा पाय मुरगळला म्हणून मीही काठावर राहिले. बाकी सारे होडीत. पाणी उतरलेले होते, मधल्या चिखलात काही जुनी जोती दिसत होती. सासूबाई त्यांच्याकडे पाहत मला सांगू लागल्या: ते विहिरीचे, त्याच्या अलीकडे मारुतीचा पार, आणि त्या वाळलेल्या खोडाच्या उजव्या अंगाला आमचा गोठा. त्यांचे माहेर धरणात गेले आहे एवढे मला माहीत होते; माहेरची माणसे पुनर्वसनात दुसरीकडे वसलेली आहेत आणि भाऊबीजेला त्या तिकडे जातात. पण गाव अद्याप तेथेच आहे, वर पाणी आहे इतकेच, असा विचार मी कधी केला नव्हता. मी म्हटले, "आई, मग होडीतून जवळ जाऊन बघायचं ना एकदा." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी काही अभद्र बोलले आहे. "आपल्याच घराच्या आढ्यावरनं होडी न्यायची व्हय गं?"

तेवढ्यात होडी परत आली, कोणाची तरी चप्पल चिखलात रुतली, आणि सासूबाई उठून डबे भरू लागल्या. त्यानंतर आजीला होडीत बसवण्याचा हट्ट कोणी धरला की मी विषय बदलते.

आता मोटारींविषयी. काही वर्षांपूर्वी घरात तिसरी मोटार आली, आत्याबाईंच्या नातवाने नोकरी लागल्यावर चौथी घेतली, आणि आम्ही दापोलीजवळच्या आंजर्ल्याला चार गाड्यांनी गेलो. चार गाड्या, चार एसी, चार प्रकारची गाणी. ज्याचे कुटुंब त्याच्या गाडीत. म्हातारी माणसे जिथे जागा होती तिथे वाटून दिलेली. तिघे महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर असे गेले. चौथ्याला मोबाइलच्या नकाशाने साताऱ्याहून पाटणकडे आणि कुंभार्ली घाटाकडे वळवले. घाटात फोन लागत नाहीत, त्यामुळे पोलादपूरला चहाच्या टपरीपुढे आम्ही ताटकळत राहिलो आणि ते तिकडे चिपळूणला मिसळ खात होते. संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीपाशी सगळ्यांचा एक फोटो काढला. फोटो उत्तम आला आहे आणि दुकानात लावलेलाही आहे. त्या प्रवासात कोणाला उलटी झाली नाही, कोणाची पाठ दुखली नाही, आणि कोणाला कोणाविषयी काही नवे कळलेही नाही. पुतण्या आपल्या बापाबरोबर गेला आणि आपल्या बापाबरोबर आला.

हे मी घरी बोलून दाखवले तेव्हा धाकटी जाऊबाई भांडी पुसत होती. ती म्हणाली, "वहिनी, तुमचं खरं आहे, पण त्या दिवशी लग्नानंतर पहिल्यांदा मी यांच्याशी सलग चार तास बोलले. मुलं मागे झोपली होती. ते आम्हाला घरात कुठे मिळतं?" यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. दोघांनी बोलायला हवे हे माझेच म्हणणे, आणि त्या दोघांत नवरा-बायकोही येतात हे मी हिशेबात धरले नव्हते. एकत्र घरात सर्वांत कमी बोलणे त्यांच्याच वाट्याला येते. दिवसा ते बोलले तर सासूबाई सूचकपणे खोकतात (खोकत असत, आता त्यांनी ते सोडले आहे) आणि रात्री दोघेही थकलेले असतात. तेव्हा नवरा-बायकोंना घराने वेगळे पाठवावे, मुले आम्ही सांभाळू, असे आम्ही ठरवले. तसे ते एकदा भंडारदऱ्याला आणि एकदा नुसते साताऱ्याला सिनेमाला जाऊन आले. मात्र सगळ्या घराची सहल आणि चार जोडप्यांच्या चार सहली एकाच दिवशी एकाच रस्त्यावर, हे मला अजूनही पटत नाही.

एसटीने या बाबतीत आम्हाला अनपेक्षित मदत केली. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांचा एसटीतला प्रवास मोफत झाला आणि मार्च 2023 पासून बायकांना निम्मे तिकीट. पहिला फायदा नाना आणि आत्याबाईंनी घेतला. दोघा बहीणभावांनी आधार कार्डे एका पाकिटात घातली आणि शिखर शिंगणापूर, नरसोबाची वाडी, पाली अशी एकेक ठिकाणे करायला सुरुवात केली. ऐंशीच्या आसपासची ही दोन माणसे लहानपणानंतर कधी एकमेकांच्या एवढी वाट्याला आली नसावीत. परत आल्यावर त्यांच्यात काही जुन्या गमती असतात, एखादा शब्द उच्चारला की दोघे हसतात, आणि विचारले तर सांगत नाहीत. निम्म्या तिकिटाचा फायदा आम्ही जावांनी घेतला. साताऱ्याला कापड घ्यायला जाणे हे निमित्त. वाई ते सातारा तासाभराचा रस्ता आणि तेवढाच परतीचा. मोठ्या जाऊबाईंना लहानपणी कीर्तनकार व्हायचे होते हे मला पाचवडच्या थांब्यावर कळले, त्यांच्यासोबत एकाच चुलीवर इतकी वर्षे काढल्यानंतर.

यंदाच्या दिवाळीनंतर कोकणात जायचे ठरले आहे. घरची तीन मुले आता पुण्यात असतात, ती आदल्या रात्री येतील. आत्याबाईंच्या दोन्ही मुली आणि जावई धरून माणसे 21 होतात. मोटारी की बस यावर तीन रात्री चर्चा झाली. तरुण मंडळींचे म्हणणे असे की बसला एसी नाही, वेळेचे बंधन येते, आणि मोठ्या पुतण्याला मध्येच लॅपटॉप उघडून कंपनीचे काम करावे लागते. त्याला मी विचारले की आंबेनळी घाटात रेंज असते का. नसते, असे त्याने कबूल केले. मोठ्या भावोजींनी करारावरच्या बसचे किलोमीटर, चार मोटारींचे डिझेल आणि टोल असा हिशेब दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला, आणि फरक फारसा नाही असे जाहीर केले. ते आगारात जाऊन अर्ज देणार आहेत. नानांनी पुढचा बाक मागितला आहे, गुडघ्यांसाठी. आणि धाकट्या भावोजींच्या मुलीने, जिला आता बारावीत असताना घाट मुळीच लागत नाही, त्याच बाकावरची खिडकीकडची जागा आपल्याला मळमळते म्हणून राखून ठेवली आहे.